रंगाऱ्याच्या घरातला शुगर मीटर

बालमित्रांनो, मी एक जुना शुगर मीटर आहे. तळहातावर मावेन एवढाच. बोट टोचून काढलेला रक्ताचा थेंब पट्टीवर घेतला, की त्यात साखर किती हे मी आकड्यात सांगतो. दुसरं काही मला येत नाही.

कारखान्यात माझ्यासारखे हजारो बनले. दुकानातून मला एका रंगाऱ्याने विकत घेतलं, त्याच्या आईसाठी. घरं रंगवणारा माणूस तो. कितीही हात घासले तरी नखांत रंग राहायचाच. रोज कामावर जाण्याआधी तो आईचं बोट हातात घ्यायचा, टोचायचा आणि वर हळूच फुंकर घालायचा. म्हातारी ओरडायची, "सासू परवडली रे बाबा! ती नुसतं डोकं खायची, हा मेला रोज रक्त पितो!" सगळे हसायचे. आकडा चांगला आला, की तीच मला पदराने पुसायची. ते माझे सुखाचे दिवस होते.

पुढे म्हातारी वयाने गेली. तिच्या चष्म्यासोबत मलाही सुनेने पत्र्याच्या डब्यात घातलं आणि डबा कपाटावर ठेवून दिला.

काही वर्षांनी रंगारी खोकू लागला. "रंगाचा वास छातीत बसलाय," म्हणत त्याने दिवस ढकलले. शेवटी थुंकी तपासली तेव्हा क्षय निघाला. दवाखान्यातून आल्यावर तो बायकोला म्हणाला, "औषध नेमाने घेतलं की बरा होतो, म्हणाल्या नर्सबाई. साखरही बघणार होत्या, पण पट्ट्या संपल्या होत्या. मग विचारलं, घरात कुणाला साखर आहे का? म्हटलं, आता कुणालाच नाही."

"हो ना," बायको म्हणाली. "आई होत्या तेव्हाची गोष्ट वेगळी."

मित्रांनो, घरातली माणसं मोजताना गेलेल्या माणसाला कोण मोजतं? पण आईचा आजार लेकाकडे येऊ शकतो, आणि ज्याची साखर वाढलेली असते त्याला क्षय लवकर गाठतो. काखेत कळसा आणि गावाला वळसा, ही म्हण लोक हसत हसत म्हणतात. मला ती आता ऐकवत नाही.

खाण्यापिण्याची आबाळ करू नका, असं नर्सबाईंनी बजावलं होतं. बायकोने जिवाचं रान केलं. पेलाभर दूध आणि त्यात चार चमचे साखर. "प्या हो सगळं. अंगावर मूठभर मांस चढू दे." तो पीत राहिला आणि वाळत गेला. तहान तर अशी, की तांब्या खाली ठेवायची सोय नाही. "गोळ्या उष्ण पडतायत," म्हणत ती आणखी सरबत करून द्यायची. मी वरून सगळं ऐकत होतो. नको गं बाई, ते सरबत नको, एवढंच मला सांगायचं होतं. पण रक्ताच्या थेंबाशिवाय मी मुका.

औषध एकदाही चुकलं नाही, तरी खोकला हटेना. एका दुपारी जेवता जेवता त्याची शुद्ध हरपली. मोठ्या इस्पितळात नेल्यावर पहिल्यांदा त्याची साखर मोजली गेली. तो घरी परतला नाही.

कपाट आवरताना डबा बायकोच्या हाती लागला. तिने मला बाहेर काढलं. सोबतीला आलेल्या बहिणीला म्हणाली, "इस्पितळातल्या डॉक्टरीणबाई म्हणत होत्या, क्षयाच्या नव्या रोग्यांत पुष्कळांना साखर निघते, कित्येकांना पत्ताच नसतो. दोन्हींवर औषधं आहेत, पण ती एकत्र सुरू व्हायला हवीत. आणि मी काय केलं? माझ्याच हाताने पाजलं गं!"

"तुला कुठे ठाऊक होतं?" बहीण म्हणाली.

"हा घरातच होता ना! मीच ठेवला होता ना वर!"

तिने जीव लावून पाजलं होतं, मित्रांनो. त्या माउलीचं रडणं ऐकून मला माझ्या मुकेपणाची चीड आली.

मला पुसा, जपा, असं मी म्हणणार नाही. तुमच्या घरात कुणाला क्षयाचं औषध सुरू झालं, तर त्याच दिवशी त्याची साखर तपासायला लावा. आजी-आजोबांना साखर होती का, हे ते हयात नसले तरी दवाखान्यात सांगा. मोठी माणसं म्हणतील, पुढच्या खेपेला बघू. तेव्हा मुळीच ऐकू नका. खेळणं हवं म्हणून जमिनीवर लोळण घेता ना, तसा हट्ट धरा. रंगाऱ्याच्या घरात असा हट्ट धरणारं कुणी नव्हतं.