सौम्य

कालपासून वेल्डरनं दारूला तोंड लावलं नव्हतं. ऐकणाऱ्याला वाटेल, चला, सुटला एकदाचा. पण ज्यांच्या घरात पिणारा आहे त्यांना विचारा. वर्षानुवर्षं अंगात मुरलेली दारू एकदम तोडली, तर ती जाताना माणसालाही सोबत घेऊन जाऊ शकते. मागे अशीच तोडली तेव्हा त्याला फिट आली होती. आता इस्पितळाच्या बाकावर तो थोरल्या बहिणीशेजारी, ताईशेजारी, थरथरत बसला होता, आणि ताईला एकच गोष्ट हवी होती. आतली एक खाट, आणि तीही आजच.

खाट मिळत नव्हती, आणि त्याला कारण ताईच होती.

व्यवस्था तशी शहाण्या माणसांनी लावलेली. दारू उतरवायला इस्पितळ, मन मोकळं करायला समुपदेशन केंद्र, पुढे सावरायला निवासी केंद्र. तिघांनी माणसाला तेच तेच विचारून पिडू नये म्हणून मोबाइलवर एकच प्रश्नावली. एकदा भरली की निकाल तिघांनाही दिसतो. गेल्या आठवड्यात तो घोरत पडलेला असताना ताईनं ती भरली. खोटं भरायचं तिच्या मनातही नव्हतं. पण वर्कशॉपच्या मालकाला ‘ताप आहे’, शेजारणीला ‘कामावर जास्तीची पाळी होती त्याची’ असं सांगण्यात तिची हयात गेली होती. प्रश्न आला की बोट आपसूक सांभाळून घेई. रोज पितात का? कधीकधी. फिट आली होती का? नाही, चक्कर होती ती. घरात कुणाला इजा? छे. अब्रू राखत राखत ती शेवटापर्यंत पोहोचली आणि पडद्यावर हिरव्या अक्षरांत उमटलं, ‘सौम्य’. वेडीला बरंसुद्धा वाटलं.

तेव्हापासून टोलवाटोलवी चालू होती. इस्पितळ म्हणे, सौम्य आहे, समुपदेशनाला न्या. समुपदेशक बाई म्हणत, अहो, हात बघा त्याचे, आधी इस्पितळ गाठा. निवासी केंद्राला इस्पितळाचा कागद हवा. आई जेवू घालीना, बाप भीक मागू देईना. खिडकीतला कारकून वाईट नव्हता, पण त्याच्या पडद्यावर हिरवं होतं तोवर खाट नोंदवताच येत नव्हती. समोरचा माणूस घामानं निथळत होता आणि पडद्यावरचा ठणठणीत होता.

शेवटी ताईनं समुपदेशक बाईंना फोन लावला आणि रडतच सांगून टाकलं, की मी सगळं चुकीचं भरलंय. बाई रागावल्या नाहीत. प्रश्नावली पुन्हा उघडते, म्हणाल्या, मात्र आता उत्तरं त्यानंच द्यायची, मी ऐकत असताना. ताईनं फोनचा आवाज मोठा करून तो दोघांच्या मध्ये बाकावर ठेवला.

रोज पिता का, बाईंनी विचारलं. तो म्हणाला, कधीकधी. ताईनं कपाळावर हात मारला. पण त्याचं तरी काय चुकलं? ताईच्या तोंडून ऐकून ऐकून त्यालाही तेच पाठ झालेलं, आणि तिच्यादेखत दुसरं काही बोलायची त्याला लाज वाटत होती. खरं सांग रे, ती परत परत विनवत होती, मरशील अशानं. तो मान खाली घालून दात वाजू नयेत म्हणून जबडा आवळत होता.

“तुमच्यामुळे घरात कुणाला इजा झालीय का?” बाईंनी विचारलं.

इतका वेळ खऱ्यासाठी पदर पसरणारी ताईच पटकन म्हणाली, “नाही हो. माझं मनगट मोडलं ते जिन्यावरून पडून.”

मनगटाचं कुणी विचारलंच नव्हतं. ताई कपडे शिवायची, आणि तेव्हापासून कात्री धरली की त्या हातातून कळ जायची. हे त्याला ठाऊक होतं, पण त्यानं ते कधी बोलून दाखवलं नव्हतं.

त्यानं मान वर केली. “ताई,” तो म्हणाला, “आपल्या घराला जिना कुठंय?”

ताईनं तो हात पदराखाली ओढून घेतला.

“मी पिरगाळला तिचा हात,” तो फोनकडे वाकून म्हणाला. “पैसे देईना म्हणून. बाई, पहिल्यापासून विचारा. रोज पितो. डोळे उघडले की पितो. फिटही आली होती.”

ही उत्तरं त्यानं अडखळत, जीभ चावत दिली. बाईंनी फक्त एवढंच सांगितलं की फोन ठेवू नका. थोड्या वेळानं पडद्यावरचं हिरवं बदललं, खिडकीतला कारकून खुर्चीवरून उठला, आत काहीतरी ओरडला, आणि सिस्टर चाकाची खुर्ची घेऊन धावत आल्या. वेळेत झालं की नाही हे कुणीच सांगायला तयार नव्हतं. तोवर त्याची नजर फिरल्यासारखी दिसायला लागली होती. ताईनं त्याला धरून खुर्चीत बसवलं.

दारापाशी त्यानं तिची बाही पकडली. “दुखतो का गं हात अजून?”

इतक्या दिवसांत त्यानं पहिल्यांदाच विचारलं होतं.

“नाही रे,” ताई म्हणाली. दार लागलं, आणि तिच्या लक्षात आलं की ती पुन्हा खोटं बोलली होती.