सुभद्राबाईंची गोळी

अन्नपूर्णेनं सासूचा बटवा डॉक्टरांच्या टेबलावर उलटा केला. अडकित्ता पडला, सुपारीची खांडं पडली, अंगाऱ्याची पुडी पडली, आणि सगळ्यांत शेवटी पळसाच्या पानात गुंडाळलेला एक काळा, चिकट गोळा घरंगळत दौतीपाशी जाऊन थांबला. समोर बसलेल्या सुभद्राबाईंनी तोंड खिडकीकडे फिरवलं. त्या बटव्याशी आपला काही संबंधच नाही, असं.

"किती वर्षं अफू घेताय, आजी?" डॉक्टरांनी विचारलं.

"घेतो कुठं? दाढ दुखते म्हून जराशी लावतो."

"कोणती दाढ? दाखवा बरं."

अन्नपूर्णा जमिनीकडे पाहू लागली. सुभद्राबाईंच्या तोंडात दाढ म्हणून एक उरली नव्हती. डॉक्टर हसले, आणि आपण सापडलो हे कळल्यावर सुभद्राबाईही हसल्या, सगळं बोळकं दाखवून.

दाढ खरीच दुखली होती, पण तेव्हा त्यांचा मुलगा किसनराव पाळण्यात होता. दाढ पडून गेली आणि गोळी राहिली. पूर्वी खामगावला अफूचं ठेक्याचं दुकान होतं. ते सरकारनं बंद केलं. मग बाजारातला एक माणूस चोरून देऊ लागला आणि दर बाजाराला भाव चढवू लागला. किसनराव कुरकुर न करता आणून देत. म्हातारीला बाकी कसली हौस नव्हती. उंद्रीच्या मळ्यात ती या वयातही वांग्याच्या वाफ्यात खुरपं घेऊन बसायची. पण पोळ्याच्या दिवशी चुलीपाशी बसल्या बसल्या तिला गुंगी आली आणि पदर पेटला. अन्नपूर्णेनं तो हातांनीच विझवला. तिच्या तळव्यांवरचे फोड बरे व्हायच्या आतच ती नवऱ्याला म्हणाली होती, "आता दवाखान्यात नेल्याबिगर मी जेवत नाही."

"एकदम बंद केली तर या वयात झेपणार नाही," डॉक्टर सांगत होते. "इथं ठेवून हळूहळू उतरवावी लागेल. तीन-चार आठवडे लागतील. औषधं मुंबईहून येतात, ती महाग आहेत. खोली आहे, आणि बाईमाणूस जवळ हवं."

आणि त्यांनी खर्च सांगितला. किसनरावांनी टोपी काढून मांडीवर ठेवली.

बाहेर ओट्यावर तिघं बसली. बुलढाण्याच्या सरकारी दवाखान्यात पैसे लागले नसते, पण तिथं किसनरावांचा मावसभाऊ शिपाई होता. म्हातारी अफू खाते ही बातमी संध्याकाळच्या आत सगळ्या सोयऱ्यांत पोचली असती.

"इंजन इकतो," किसनराव म्हणाले.

विहिरीवरचं ते तेलाचं इंजन येऊन वर्षही झालं नव्हतं. त्याची धकधक ऐकायला आजूबाजूच्या गावची माणसं येत.

"माह्या गोळीपायी इंजन इकतं?" सुभद्राबाई उसळल्या. "मंग मळ्याले पानी काय तू चुळा भरून देशीन? चाल घरी. मले काई झालं नाई."

"माय, तुहा पदर पेटला होता."

"पदरच पेटला ना? मी तं नाई पेटली?"

या बोलण्यावर हसावं की रडावं हे किसनरावांना कळेना. अन्नपूर्णा मात्र उठली होती. दवाखान्याच्या मागच्या अंगणात रोग्यांचा स्वयंपाक होई, आणि तिथून मघापासून करपल्याचा वास येत होता. ती सरळ तिकडे गेली. डॉक्टरांची बायको, पुष्पाबाई, धुरानं डोळे पुसत तव्याशी झटत होत्या. स्वयंपाकीण बाळंतपणाला माहेरी गेली होती.

अन्नपूर्णेनं त्यांच्या हातातलं उलथनं घेतलं आणि भाकरी उलटवता उलटवताच बोलणं काढलं. सासू इथं आहे तोवर सगळ्या रोग्यांचा स्वयंपाक मी करीन. मळ्यातला भाजीपाला दर बाजाराला दवाखान्यात येऊन पडेल, फिटेपर्यंत. आणि अफूवाल्याला दर बाजाराला जे जात होतं, ते रोख तुमच्या हाती देऊ.

"आणि अफूवाल्याला?" पुष्पाबाईंनी विचारलं.

"त्याले आता काऊन देऊ?"

पुष्पाबाई हसून आत गेल्या आणि थोड्या वेळानं डॉक्टरांचा होकार घेऊन आल्या. पुढल्या बाजारच्या दिवशी किसनराव वांगी आणि मेथीची पोती घेऊन एस.टी.तून उतरले, तेव्हा सुभद्राबाई खाटेवर बसून शेजारच्या खोलीतल्या रोग्याला आपल्या दाढेची कथा सांगत होत्या.

पहिले दिवस असे हसतखेळत गेले. डॉक्टर गोळी थोडी थोडी लहान करत होते आणि सुभद्राबाई त्यांना "कंजूस सोनार" म्हणत होत्या. मग गोळी बाजरीच्या दाण्याएवढी झाली, आणि एके सकाळी मिळालीच नाही.

आधी जांभया आल्या, न थांबणाऱ्या. मग डोळ्यानाकातून पाणी वाहू लागलं, अंगावर काटा आला, पायांत गोळे आले, पोट ढळलं. अन्नपूर्णा लुगडी बदली, पाय चेपी, मधूनच धावत जाऊन वरणाखालचा जाळ मागे ओढी. सुभद्राबाई हात जोडत, मग शिव्या देत, मग पुन्हा हात जोडत.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्या अचानक उठून बसल्या. डोळे तांबारले होते. अन्नपूर्णा पाण्याचा गडू घेऊन वाकली होती; त्यांनी तो हात झटकला.

"कोनाची व तू? बिनमायची पोट्टी. कोनाच्याच उंबऱ्यावर नको होती, म्हून माह्या दारात आनून टाकली. कुत्र्याच्या पिलाले तुकडा टाकावा तसा टाकला तुले म्या. आन् मले माय म्हन्ते! कोन माय तुही? कोन?"

गडू लवंडला. अन्नपूर्णेनं तो उचलला, फरशी पुसली आणि दार ओढून घेऊन ती मागच्या अंगणात आली.

ती या घरात आली तेव्हा परकरातून नुकती लुगड्यात गेली होती. आई आधीच गेलेली. सुभद्राबाई दर शुक्रवारी तिला पुढ्यात बसवून तिच्या डोक्याला तेल लावायच्या आणि गुंता ओढला की स्वतःच "आई गं" म्हणायच्या. अशाच एका दुपारी, डोळ्यांवर झोप असताना, तिच्या तोंडून आत्याबाईऐवजी "माय" निघून गेलं होतं. सुभद्राबाई नुसत्या "काय व?" म्हणाल्या आणि वेणी घालत राहिल्या. त्यानंतर कुणी त्याचा उच्चार केला नव्हता. ती दुपार अन्नपूर्णेनं आजवर नवऱ्यालाही सांगितलेली नव्हती.

तव्यावरची भाकरी करपली. पुष्पाबाईंनी ती काढून बाजूला ठेवली. दारापलीकडचा आवाज त्यांनीही ऐकला होता.

"मनावर घेऊ नका. ती अफू बोलतेय," त्या म्हणाल्या.

"हाव," अन्नपूर्णा म्हणाली.

पण त्या दुपारचं अफूला कुठून ठाऊक? तिनं दुसरा गोळा परातीत घेतला आणि भाकरी थापू लागली. थापता थापता थांबली, पदरानं तोंड पुसलं, पुन्हा थापू लागली. मग वरणात पाणी घालून, गडू भरून घेऊन पुन्हा त्या खोलीत गेली. सुभद्राबाई तोवर खाटेखाली उतरून फरशीवर मुटकुळं करून पडल्या होत्या. अन्नपूर्णेनं त्यांचं डोकं मांडीवर घेतलं.

तेच बोलणं पुढचे दोन दिवस, कधी याच शब्दांत, कधी याहून वाईट. किसनराव पोतं घेऊन आले तेव्हा तिनं त्यांना अंगणातूनच परत पाठवलं.

"माय कशी हाय?"

"झोपली हाय. तुमी जा. मेथी आनखी आना, इथं लय लागते."

मग एका सकाळी सुभद्राबाईंनी पिठलं मागितलं. कालवून खाल्लं, आणि बोटं चाटून लुगड्याला पुसली. बाहेर चिमण्या भांडत होत्या. किती वर्षांनी एवढ्या सकाळी त्यांच्या डोळ्यांत झोप नव्हती. त्या बराच वेळ सुनेकडे पाहत राहिल्या. अन्नपूर्णा चादरीची घडी घालत होती.

"अन्नपूर्णे, मधात मले शुद नव्हती?"

"नव्हती."

"मी काय काय बोलली व तुले?"

अन्नपूर्णेनं चादरीचं टोक टोकाला नीट जुळवलं.

"काई नाई, आत्याबाई. नुसतं पानी मागे तुमी."

"बस, पानी?"

"हाव. लय पानी पेल्या."

सुभद्राबाईंनी खाटेच्या सुतळीत बोट अडकवलं, सोडवलं. "मंग बरं," त्या म्हणाल्या आणि भिंतीकडे कूस करून निजल्या.

त्या उंद्रीला परतल्या तेव्हा तुरी फुलावर आल्या होत्या. गावात पोटाच्या आजारावर इलाज केल्याचं सांगितलं होतं, पण शेजारच्या कलाबाईंपासून काही लपून राहत नसे. दुसऱ्याच दिवशी त्या अंगणात येऊन बसल्या. मळ्याकडून इंजनाची धकधक ऐकू येत होती. अन्नपूर्णा आत, दारामागं, ज्वारी पाखडत होती.

"अंगात जीव आला व मावशी तुह्या," कलाबाई म्हणाल्या. "लय लागलं असन?"

"लय लागलं."

"इंजन तं चालू हाय. मंग कशानं भागवलं किसननं?"

"त्यानं भाजीपाला देल्ला. अजून देऊन राह्यला. पन भाजीपाल्यानं भागनारं नव्हतं ते. खरं तं अन्नपूर्णेनं भरलं."

"तिनं? तिच्यापाशी कुठून आलं? किती भरलं?"

आत सुपाचा आवाज थांबला होता.

"म्या इचारलं तिले. सांगत नाई ते," सुभद्राबाई म्हणाल्या. मग अंगणातल्या कोंबडीला हाकलल्यासारखा हात केला, आणि हळूच, दाराकडे न पाहता म्हणाल्या, "पन मले ठाऊक हाय. सारंच्या सारं ठाऊक हाय मले."

कलाबाई आकडा ऐकायला पुढे सरकून बसल्या.