खिशातला कान

मी कानातलं यंत्र बोलतोय. पण जरा हळू बोलू या, आसपास कोणी ऐकत असेल. माझा स्वभावच संशयी. ज्या काकांच्या कानात मी राहतो, त्यांनी आयुष्यभर बसमध्ये तिकिटं तपासली. त्यांच्याच संगतीचा हा गुण.

काकांच्या कानाचं माप घेऊन मला बेतलं. आल्या दिवशीच सूनबाई पुटपुटली, "आता यांना सगळं कळणार!" मी ते तत्परतेनं पोचवलं. काका गालात हसले. तेव्हापासून आमची गट्टी.

मग काका न्हाणीघरात घसरले, खुब्याचं हाड मोडलं. शस्त्रक्रियेला नेताना मला काढून मुलाच्या हाती दिलं. "नीट सांभाळा, इथे वस्तू गहाळ होतात," वॉर्डातल्या मावशी म्हणाल्या. मुलगा आज्ञाधारक. त्यानं मला शर्टाच्या खिशात घालून वर रुमाल कोंबला, आणि इतकं सांभाळलं की शस्त्रक्रिया झाल्यावरही बाहेर काढलं नाही. मला बंद करायचंही कोणाच्या लक्षात आलं नाही.

दुसऱ्या दिवशी काकांचा आरडाओरडा सुरू झाला. "काय कुजबुजताय? कसला कट शिजतोय?" त्यांना ओठ हलताना दिसायचे, शब्द पोचायचे नाहीत. नर्सला म्हणाले, "तिकीट दाखवा, नाहीतर उतरा खाली!" सलाईनची नळी उपटली, तेव्हा त्यांचे हात खाटेला बांधले. काकू सूप भरवू लागल्या तर म्हणाले, "ही बाई मला विष घालतेय!" काकूंचा हुंदका मी खिशातून ऐकला. फार वाईट वाटलं.

"बाबांचं डोकं फिरलं गं," मुलगा बायकोला म्हणाला. "घरी कसं न्यायचं यांना? कुठेतरी ठेवायची सोय बघावी लागेल."

मला तर दाट संशय आला, हा मला मुद्दामच दाबून ठेवतोय! मी जिवाच्या आकांतानं शिट्टी मारली. कोंडलं की आम्ही वाजतोच. पण वॉर्डात छप्पन्न यंत्रं वाजतात, माझी कोण दखल घेणार?

डॉक्टरबाईंनी घेतली. "तुमच्या खिशात काय वाजतंय?"

"बाबांचं कानातलं यंत्र. हरवू नये म्हणून..."

"अहो, मग त्यांना ऐकू कसं येणार? हे वेड नाही. या वयात शस्त्रक्रियेनंतर असा भ्रम होतो, बहुतेकदा ओसरतोही. पण ऐकू येत नाही, हात बांधलेले, मग माणूस आणखीच बिथरतो!"

मला कानात बसवलं, काकांचे हात सोडले. काकूंना जवळ बसवून सांगितलं, आपण कुठे आहोत, आज वार कोणता, हे पुन्हा पुन्हा सांगत राहा. लगेच काही जादू झाली नाही. भ्रम यायचा, जायचा. हळूहळू तो उतरला आणि काका घरीच आले. मुलगा दुष्ट नव्हता, नुसता वेंधळा निघाला.

पण काका रोज विचारतात, "मी तिथे काय बोललो?" सगळे म्हणतात, "काही नाही, पडून राहा." तपासनिसाला असली उत्तरं पटतात होय? आज त्यांनी जेवणच नाकारलं. मग काकूंनी सांगून टाकलं, "मी विष घालते, असं म्हणालात."

काकांची मान काकूंकडे वळली.

"मग तू काय केलंस?"

"काय करणार? तुमच्यादेखत प्रत्येक चमच्यातला घोट आधी मी घेतला, मग तुम्हाला दिला."

खिशात बसून हे मला कुठलं दिसायला!

मंडळी, आपलं माणूस इस्पितळात भलतंसलतं बोलू लागलं, तर आधी त्याचं यंत्र त्याच्या कानात घाला. मगच ठरवा, त्याचं काय करायचं ते. आता मला रजा द्या. काका मला कानातून काढून ठेवतायत. काकूंना जवळ बोलावलंय. काकांना जे सांगायचंय, ते त्यांना माझ्यादेखत बोलायचं नाही. चोरून ऐकायची मला सवय. पण आज मीही कान देणार नाही.