मांडीवरचा चोला

कासुबाने गाडीतल्या बाळखुर्चीचा पट्टा चोलाच्या छातीवरून घेऊन नीट अडकवला. ती पुढे जाऊन स्टिअरिंगवर बसते तोवर मागे बसलेल्या आईने तो सोडलाही होता.

"नवऱ्याला कुणी असं बांधून नेतं का गं?" आई म्हणाली. "कोंबड्या चोरल्यात का त्यानं? या हो धनी, इकडे बसा."

कासुबाचा दोन वर्षांचा मुलगा चोला खिदळत आजीच्या मांडीवर चढला. आजीने नातवाला नवरा म्हणायचं आणि नातवाने तिच्या ताटातलं हक्काने उचलायचं, हे त्यांच्याकडे घरोघरी चालायचं. त्या थट्टेत तिसऱ्याने बोलायचं नसतं. कासुबाने गाडी सुरू केली.

कपिरीच्या बाजारातून घरी जायचा रस्ता तांबं वाहणाऱ्या ट्रकांनी भरलेला होता. खड्डा चुकवायला समोरचे ट्रक बिनदिक्कत तिच्या बाजूला घुसत. कासुबाचा एक डोळा रस्त्यावर, एक आरशात. आरशात चोला उभा राहून आजीच्या डोक्याचं फडकं ओढत होता.

"आई, पुढे वळण आहे."

"रस्ता म्हटला की वळणं असायचीच. तुम्हा पाच जणांना मी ट्रकच्या हौद्यात बसून वाढवलं. एक तरी सांडलं का?"

वळणापलीकडे ट्रक आडवा उभा होता. कासुबाने सगळा भार ब्रेकवर टाकला. कालवणासाठी बाजारातून घेतलेल्या वाळक्या सुरवंटांची पिशवी मागून उडून समोरच्या काचेवर फुटली. गाडी थांबली तेव्हा चोला आजीच्या गुडघ्यांवरून खाली लोंबकळत होता, कपाळ पुढच्या सीटपासून वीतभर अंतरावर. त्याचा सदरा मागून तिच्या मुठीत होता.

मग आई हसली.

"बघ. सुटला का माझ्या हातून?"

कासुबाने आरसा सारखा केला, सांडलेले सुरवंट तसेच राहू दिले आणि गाडी हळूहळू पुढे घेतली.

दुसऱ्या दिवशी सकाळी अंगणात चूल पेटवता पेटवता आई कोसळली. ती पुन्हा उठली नाही.

मातीच्या दिवशी अंगणात माणसं जास्त आणि गाड्या कमी झाल्या. शवपेटी ट्रकवर चढली, तिच्याभोवती गाणाऱ्या बायका दाटीवाटीने बसल्या. चिलुफ्याने कासुबाच्या गाडीचं मागचं दार उघडलं. ती आईची पाठची बहीण; कासुबाची जन्मापासून धाकटी आई, आणि आता उरलेली एकुलती एक आई.

"ही खुर्ची काढ आधी. दोन म्हाताऱ्या मावतील तिथे. पोराला मी घेते."

"मी दुसरी गाडी बघते, धाकटी आई."

"आभाळातून पडणार आहे का दुसरी गाडी? रात्रभर बसून पाय सुजलेत त्यांचे. आण त्याला इकडे. तुझी आई घ्यायची तसाच घेते."

"शहरात राहून पोरी आईची मांडी विसरतात," कुणीतरी मागून म्हणालं.

ट्रकने भोंगा वाजवला. कासुबाने चोलाला उचलून खुर्चीत ठेवलं. पट्टा पहिल्यांदा अडकलाच नाही.

"अगं, आईच्या मातीला निघालीस आणि आईचीच रीत मोडतेस?" चिलुफ्या म्हणाली.

गाणं थांबलं. पेटीवर माती पडेपर्यंत गेलेल्या माणसाचं उणं कुणी काढत नसे. ट्रकवरच्या बायका वाकून पाहू लागल्या.

पट्टा अडकला. कासुबाने तो दोनदा ओढून पाहिला, मग पाठ सरळ करून ती चिलुफ्याकडे वळली.

"आईचं चुकत होतं," ती म्हणाली. ट्रकपर्यंत ऐकू जाईल एवढ्या आवाजात. "तो तिच्या मांडीवर बसला की दर वेळी मला भीती वाटायची."