फुल्याची साक्ष

बोरखारच्या खाडीला दोन्ही अंगांनी मिळून सात गावं आहेत, आणि त्या गावांत भांडायला कारण लागत नाही, जागा लागते. बांधावर भांडतात, होडीत भांडतात, मयताला खांदा देतानाही पुढे कोण नि मागे कोण यावरून भांडतात. म्हणून जुन्या माणसांनी एक शहाणपण करून ठेवलं. गावोगाव पंच असतात तसे इथेही आहेत, पण गावच्या पंचांच्या डोक्यावर इथे आणखी एक बैठक आहे. तिला वरची बैठक म्हणतात. गावच्या निकालाने ज्याच्या पोटात दुखेल त्याने वर जायचं.

वर सात गावांचे सात पंच. त्यांतले तिघे चिठ्ठ्या टाकून बसवायचे, आणि ज्या गावचं भांडण त्या गावच्या पंचाची चिठ्ठी आधीच काढून ठेवायची. प्रकरण फारच मोठं असेल तर उरलेसुरले सगळेच बसतात, ती भरली बैठक. पूर्वी एका गावाने भरती आपली आणि ओहोटी शेजाऱ्यांची असा दावा लावला होता तेव्हा भरली बैठक बसली होती म्हणतात. निकाल अजून यायचा आहे.

वरच्या बैठकीचे नियम कडक. साक्षीपुरावे पुन्हा घ्यायचे नाहीत, खालच्यांचं काय चुकलं तेवढंच बघायचं. सर्वांत नवा पंच आधी बोलणार आणि सर्वांत जुना शेवटी, म्हणजे नव्याने जुन्याच्या तोंडाकडे बघून मान हलवायला नको. आणि बसण्याआधी तिघांनी खाडीच्या पाण्याने चूळ भरून सांगायचं, की या दोघांच्या घरचं काही माझ्या पोटात नाही.

हा शेवटचा नियम उगाच आलेला नाही. या किनाऱ्यावर तळ्यात जिताडा नावाचा मासा वाढवतात. चांगला मांडीएवढा जिताडा साहेबाच्या स्वयंपाकघरात पोचला, की साहेबाच्या टेबलावर अडलेला कागद आपल्या पायांनी चालत बाहेर येतो, हे इथे पोराटोरांनाही ठाऊक. इकडचे दोन-तीन रस्ते नकाशात सरळ आहेत आणि जमिनीवर वाकडे आहेत, ते जिताड्यानेच वाकवलेले.

नुरुद्दीन हा या सात पंचांत सर्वांत जुना. उमेदीची वर्षं कुवेतला काढून आलेला, आता दोरखंड आणि जाळ्यांचं दुकान चालवणारा. त्याने दिलेला निकाल कधी कोणी परत उकरला नव्हता. बाजारातून तो हात पाठीमागे बांधून चालायचा, आणि दोन्ही धर्मांची माणसं सायकलवरून उतरून सलाम-रामराम करायची. त्याला ते आवडायचं. आवडत नाही असं तो दाखवायचा, तेही त्याला आवडायचं.

काशी आणि रावजी यांची तळी शेजारी-शेजारी, मध्ये एक मातीचा बांध. भाद्रपदातल्या उधाणात बांधाला भगदाड पडलं आणि काशीच्या तळ्यातले जिताडे पाण्याबरोबर रावजीच्या तळ्यात गेले. सकाळी काशीच्या तळ्यात उरले ते बेडूक. गावच्या पंचांनी हिवाळाभर विचार केला आणि रमजान संपता संपता निकाल दिला: मासा ज्या पाण्यात, त्या पाण्याचा धनी तो माशाचा धनी. आपले मासे आपल्याला ओळखतात, असं काशी म्हणाली होती. त्यावर पंच हसले आणि बाई खोटं बोलते असं सरळ म्हणून मोकळे झाले.

त्यानंतर चारच दिवसांनी ईद आली, आणि ईदच्या सकाळी रावजीचा मुलगा साहिल थर्माकोलचा खोका घेऊन नुरुद्दीनच्या ओटीवर उभा राहिला.

"बाबांनी धाडलाय, चाचा. ईदीचा."

नुरुद्दीनने खोक्याकडे पाहिलं. गावचा निकाल त्याच्या कानावर आला होता. काशी वर येईल असंही कोणी म्हणालं होतं. पण आली कुठे होती? वाद वर आल्याशिवाय वरच्या पंचाला वाद नसतो. एवढा विचार त्याने खोक्याचं झाकण उघडायला लागतं तेवढ्या वेळात केला, आणि आतला मासा बघितल्यावर तर तो विचार त्याला फारच पटला. शेपटी खोक्यात मावली नव्हती, बाहेर वळून परत आत आली होती.

शहरबानूने मासा धुवायला घेतला आणि आतून हाक मारली. "अवो, याच्या एका डोळ्यात फूल पडलंय. आजारी तर नसंल?"

नुरुद्दीन आत जाऊन बघून आला. डावा डोळा चुन्यासारखा पांढरा. "डोळा कोन खातोय?" तो म्हणाला. "कालवन कर."

आमसूल घातलेलं कालवण झालं. डोकं घरच्या धन्याच्या ताटात वाढायचं असा रिवाज, त्याप्रमाणे ते त्याच्या ताटात आलं. त्याने बोटं चाटली.

ईद झाल्यावर काशीने अर्ज लावला. चिठ्ठ्या निघाल्या त्या बाबाजीच्या, नीराबाईच्या आणि नुरुद्दीनच्या नावाच्या. बाबाजी मिठागराकडच्या गावचा, वर्षापूर्वीच पंच झालेला, आणि नुरुद्दीनकडे बघून पंचकी शिकणारा. नीराबाई अंगणवाडीतून निवृत्त झालेली, तिच्यापुढे अजूनही मोठमोठे बाप्ये हाताची घडी घालून बसायचे. तिघांनी चूळ भरली. नुरुद्दीनचा नंबर आला तेव्हा त्याने मनातल्या मनात ईदची तारीख आणि अर्जाची तारीख शेजारी ठेवली, ईद आधी आली, आणि त्याने स्वच्छ आवाजात सांगितलं, "माझ्या पोटात न्हाय."

काशीचं म्हणणं नीराबाईने थोडक्यात मांडलं. "खालच्यांनी हिला मासा बोलावून दाखवू दिला न्हाय. हसण्यावारी नेलं. बघायचं ते न बघता निकाल दिला, ही चूक. मग ते आपण बघायला हवं."

ते तिघांनाही पटलं. अशा रीतीने वरची बैठक, इतिहासात पहिल्यांदा, एका माशाची साक्ष घ्यायला रावजीच्या तळ्यावर गेली.

भेंडीच्या झाडाच्या सावलीत तीन खुर्च्या मांडल्या होत्या. अर्धा गाव काठावर. काशी पाटीत जिवंत कोळंबी घेऊन आली होती. तिच्या पुतण्याने, सुजितने, पूर्वी एकदा मासा येताना मोबाइलवर घेतला होता, तो आधी पंचांना दाखवला. त्यात काशीचा पदर होता, आकाश होतं आणि बाकी सगळा सुजितचा अंगठा होता.

"हाक कोणाला मारणार तू?" बाबाजीने विचारलं.

"फुल्याला. सगळ्यांत मोठा तो. तो आला का मागनं बाकीची येतात." काशी पाण्याकडे बघत बोलत होती. "बोटाएवढा व्हता तवा बगळ्याने टोच मारली. डाव्या डोळ्यात फूल पडलं त्याच्या. म्हणून फुल्या. मी पाटीवर थाप मारली का माझ्या हातातनं कोळंबी घेतो. दुसऱ्या कोणाच्या घेत न्हाय."

नुरुद्दीनच्या पाठीतून काहीतरी थंड, खवल्यांचं, सरकत खाली गेलं.

काशीने पाण्यात गुडघ्याएवढं उतरून पाटीवर थाप मारली. "ये रे फुल्या." पाणी हललं नाही. तिने कोळंबी पाण्यात धरली, पुन्हा थाप मारली. आवाज लहान मुलाला जेवायला बोलावण्याचा. "ये बाबा. मी हाय. ये."

चार-दोन लहान जिताडे लांबून वळले आणि निघून गेले. काठावर कोणीतरी म्हणालं, "फुल्याचा मोबाइल बंद लागतोय." हशा झाला. काशीने मान वर केली नाही. ती थोडी पुढे गेली, लुगडं कमरेपर्यंत भिजलं, ती थापा मारत राहिली. हसणारेही हळूहळू गप्प झाले, कारण इतका वेळ कोणी खोटं बोलावत नाही. नुरुद्दीनला तिच्याकडे बघवेना आणि मान फिरवणंही जमेना. आपल्या ताटातलं डोकं त्याला दिसत होतं. गालाचा तुकडा सगळ्यांत चवदार म्हणून त्याने शेवटी ठेवला होता.

"रावजी," नीराबाई म्हणाली, "भगदाड पडल्यापासून तू या तळ्यातला एखादा मासा काढलास? विकलास, कोणाला दिलास?"

"एक बी न्हाय, बाई. सात गावांची आन." रावजीने हे नीराबाईला सांगितलं, पण बघितलं नुरुद्दीनकडे. त्या बघण्यात धमकी नव्हती. एकाच ताटात जेवलेली माणसं बघतात तसं ते होतं. आणि मग नुरुद्दीनला कळलं, की तो जिताडा मोठा होता म्हणून आला नव्हता. तळ्यात एकच साक्षीदार होता, आणि रावजीने तो पुरायला जागा नीट शोधली होती.

काशी बाहेर आली. नियमाप्रमाणे बाबाजी आधी बोलला. "बोलावून दाखवते म्हणाली, मासा आला न्हाय. खालचा निकाल राहू दे."

नीराबाई म्हणाली, "मासा म्हणजे पट्टेवाला न्हाय, हाक मारली की हजर व्हायला. माशांचे पंख न्हाय फुटले, ते भगदाडातनंच गेले. अर्धे काशीला द्यावेत."

आता सगळं शेवटच्या शब्दावर आलं. नुरुद्दीनने घसा खाकरला. त्याला वाट दिसली होती. मासे काशीला मिळतील, आणि त्याच्या पोटातलं पोटात राहील. "बाई एकटी हाय," तो म्हणाला. "इतकी वरसं राबलीय. माणुसकी म्हणून अर्धे मासे तिला द्यावे, असं माझं मत."

दोन विरुद्ध एक. काशी जिंकली. माणसं माना डोलावू लागली, चाचाचं काळीज मोठं असं कोणी कोणाला सांगितलंही. बाबाजीने तर तोंडात मारल्यासारखी मान खाली घातली, आपल्याला हे का सुचलं नाही म्हणून. नुरुद्दीनला ते सगळं ऐकू आलं, आणि पहिल्यांदाच ते ऐकून गोड वाटलं नाही.

काशी लुगडं पिळत होती. ती थांबली.

"चाचा, मी खरी का खोटी?"

"निकाल तुझ्याच बाजूने लागला की, काशी."

"त्यो कळला. मी मासं मागायला वर आले न्हाय. खालच्यांनी मला खोटी म्हटलं, म्हणून आले. तुम्ही खोटीला माणुसकीने मासं दिलंत. ती घेतली तर जन्मभर गाव म्हणेल, काशीनं रडून नेली." तिने पाटी उचलली. "माझी चूकच झाली. येईल म्हटलं व्हतं, आला न्हाय. रावजीभाऊला राहू द्या सगळी."

"अगं, घे की, येड्यासारखं काय करतेस," मागून कोणी म्हणालं. ती चालू लागली होती.

नुरुद्दीन उठला. उठताना खुर्चीचा आवाज झाला, सगळ्यांनी बघितलं.

"थांब काशी. फुल्या यायचा न्हाय. त्याला मी खाल्ला."

लोक हसले. चाचाला अधूनमधून गंमत करायची सवय होती, आणि वातावरण फार जड झालं होतं. रावजीही हसला, जरा मोठ्याने. नुरुद्दीन ते हसू संपायची वाट बघत उभा राहिला. एवढं लांब हसू त्याने आयुष्यात ऐकलं नव्हतं. मग त्याला तेच पुन्हा सांगावं लागलं, दुसऱ्या वेळेला हळू आवाजात.

"ईदला रावजीने धाडला. डाव्या डोळ्यात फूल व्हतं. बायकोने मला दाखवलं, मी बघितलं, आनि कालवन करायला सांगितलं."

बोलला तो रावजीच. "चाचा, पन तवा वाद वर आलाच कुठं व्हता? अर्ज तर ईदच्या नंतरचा."

शब्द न् शब्द नुरुद्दीनचा होता. ओटीवर, खोक्याचं झाकण उघडताना तो विचार किती शहाणा वाटला होता. रावजीच्या तोंडून तो बाहेर पडला तेव्हा त्याला मासळीच्या पाण्याचा वास आला.

"मघाशी चूळ भरून तुम्ही…" बाबाजी म्हणाला आणि पुढचं त्याच्याच्याने म्हणवेना. तो नुरुद्दीनकडे बघत नव्हता. गेलं वर्षभर तो दुसरीकडे कुठे बघत नव्हता.

"माझं मत मोजू नका," नुरुद्दीन म्हणाला.

बाबाजीने थोडा वेळ नीराबाईशी कुजबुज केली. मग तो उभा राहिला आणि पंचासारखा नीट बोलला. "माझा शब्द मी फिरवतो. काशी खरी. खालच्यांनी तिला खोटी म्हटलं ते चूक. मासे अर्धे तिचे. आम्हा दोघांचा हा निकाल." दोघांचा, असं त्याने पुन्हा एकदा म्हटलं.

लोक रावजीभोवती जमले, आवाज चढले. काशी मात्र परत फिरून सावलीपाशी आली. नुरुद्दीनला वाटलं, आता ती शिव्या देईल. तिने दिल्या तर बरं, असं मनात धरून त्याने मान पुढे केली. गेलेल्या माणसाबद्दल शेवटच्या भेटलेल्याला विचारतात तशा आवाजात तिने विचारलं,

"कसा लागला, चाचा?"

"गोड व्हता," तो म्हणाला.

"व्हयच." तिने मान हलवली. "कोळंबीशिवाय काही दिलं न्हाय मी त्याला."

मग ती नीराबाईकडे वळली, जाळं कधी ओढायचं, कोणाकोणाला बोलवायचं, ते ठरवायला. बाबाजी वाटणीचं समजावू लागला, सुजित पुन्हा मोबाइल काढू लागला. त्यात नुरुद्दीनला कोणी काही विचारलं नाही. खुर्ची मोकळीच होती, पण त्याला बसवेना. शहरबानू घरी जेवायला थांबली असेल, आणि विचारील, काय निकाल दिलात. तो उन्हात उभा राहून ते कसं सांगायचं याची जुळवाजुळव करत राहिला.