पोच्यापर्यंत कण्या, काठापर्यंत पाणी

मी एक पितळी पेला, आणि माझ्या पोटाला मधोमध पोचा आहे. हे आधीच सांगून टाकतो, कारण बघणाऱ्याची नजर पहिल्यांदा तिथेच जाते. मित्रांनो, माझी गोष्टही त्या पोच्याचीच आहे.

खामगावच्या बाजारातून जनकाबाईंनी मला संग्रामपूरजवळच्या आपल्या घरी आणलं, तेव्हा मी लखलखीत होतो. पाहुण्यांना पाणी माझ्यातूनच मिळायचं. मग त्यांची मुलगी सारिका चालायला लागली आणि एका दुपारी तिने मला ओट्यावरून खाली फेकलं. झालं! घरात स्टीलचे ग्लास आले आणि माझी रवानगी कण्यांच्या डब्यात झाली. मला फार वाईट वाटलं.

कण्या म्हणजे ज्वारीचा जाड भरडा. उकळत्या पाण्यात मीठ घालून मऊ शिजवायच्या, वरून ताक आणि लसणाची फोडणी. गोड हवं तर दूध-गूळ. शेतातून थकून आलेल्या माणसाला यापरतं सुख नाही. बुद्ध पौर्णिमेच्या खिरीचे तांदूळही मीच मोजायचो. शेजारच्या बाया जनकाबाईंच्या हाताची तारीफ करायच्या. पेल्याची तारीफ कोण करतो? सारिका नोकरीसाठी बुलढाण्याला निघाली, तेव्हा आईने सांगितलेलं तिने वहीत उतरवलं: एक पेला कण्या, तीन पेले पाणी. आणि नेमकी वहीच घरी विसरून गेली.

यंदा जनकाबाईंना टायफॉईड झाला. दवाखान्यातून परतल्या त्या अगदी वाळून. मऊ अन्न पोटात गेलं नाही तर पुन्हा भरती करावं लागेल, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. सारिकाला रविवारशिवाय येता येईना. मग जन्मात गॅस न पेटवलेले शंकरराव, जनकाबाईंचे यजमान, वही उघडून उभे राहिले.

त्यांनी मला काठोकाठ भरलं, वर थोडं दाबलंही. पाणी मोजून तीन पेले. कण्या अशा घट्ट आणि कच्च्या झाल्या की पळी उभी राहावी. जनकाबाईंनी दोन घास तोंडात घोळवले आणि ताट सरकवलं.

"माह्या तोंडालेच चव नाही," त्या म्हणाल्या. "तुमच्या हाताचा दोष नाही."

दुसऱ्या दिवशीही तेच. त्या जिभेला दोष देत होत्या, शंकरराव स्वतःला. मला मात्र सगळं ठाऊक होतं. कोरडं काहीही मोजताना जनकाबाई मला कधीच पूर्ण भरत नसत. अंगठा पोच्यात टेकवायच्या आणि दाणे पोच्याशी आले की त्यांचा हात थांबायचा. पाणी तेवढं काठापर्यंत. त्यांनी हे कुणाला सांगितलं नव्हतं, कारण त्यांनाच ते माहीत नव्हतं. आपल्याला तोंड नाही याचं दुःख मला त्या दोन दिवसांत कळलं.

तिसऱ्या दिवशी शंकररावांनी हात टेकले. "सारिकाची माय, तू निस्तं मोजून दे," ते म्हणाले. "बाकी मी करतो."

हाताला धरून त्यांनी जनकाबाईंना आणलं आणि गॅसजवळ खुर्चीवर बसवलं. त्यांनी मला हातात घेतलं आणि अंगठा आपसूक पोच्यात गेला. दाणे तिथवर आले आणि हात थांबला.

"अर्धाच घेतला तू. वहीत तं पूरा लिवला हाये."

जनकाबाई माझ्याकडे बघतच राहिल्या. "मी तं असाच घेतो," त्या हळूच म्हणाल्या. "जलमभर असाच घेतला."

त्या दिवशी कण्या मऊ झाल्या. जनकाबाईंनी वाटीभर खाल्ल्या आणि थोड्या गूळ घालून मागितल्या. शंकरराव भिंतीला टेकून बसले आणि लहान पोरासारखे रडले.

रविवारी सारिका आली. सगळं ऐकून तिने वहीत खाली लिहिलं: कण्या पोच्यापर्यंत. मग मला उचलून तिने विचारलं, हा पोचा पाडला तरी कोणी? आई हसली आणि तिच्याकडेच बोट दाखवलं.

मित्रांनो, घरचा पदार्थ लिहून घ्याल तेव्हा आईचं बोलणं ऐकाच, पण तिच्या हाताकडेही बघा. ती धडधाकट आहे तोवर बघा. आणि पोचा पडलेलं भांडं मोडीत काढण्याआधी ते एकदा तिच्या हातात देऊन पाहा.