निरुपमाबाईंची हजेरी

निरुपमाबाई दीक्षितांना हजेरी घ्यायची सवय होती, द्यायची नव्हती. उभा जन्म बडोद्याच्या शाळेत मराठी शिकवण्यात गेला होता. त्यामुळे २००९ साली स्वाइन फ्लूची साथ आली आणि तिथल्याच हरणी भागातल्या त्यांच्या सोसायटीने म्हाताऱ्यांची रोज हजेरी घ्यायचं ठरवलं, तेव्हा बाईंचा पारा चढला.

कल्पना डॉक्टर देवश्रीची. तिचा दवाखाना सोसायटीतच, तळमजल्यावर. कोणी कोणाकडे जायचं नाही, बाकावर गप्पांना जमायचं नाही, असं तिनेच बजावलं होतं. पण एकटं राहणारं माणूस बंद दाराआड आजारी पडलं, तर कळणार कसं? म्हणून दिवेलागणीला सगळ्या ज्येष्ठांनी आपापल्या गॅलरीत यायचं आणि नाव पुकारलं की 'हजर' म्हणायचं. उत्तर आलं नाही, तर देवश्री मास्क लावून त्या दाराशी जाणार.

पुकारायचं काम आपसूकच दत्ताजीराव मोहित्यांकडे गेलं. त्यांचे आजोबा संस्थानच्या घोडदळात होते, हे सोसायटीतल्या कुत्र्यांनाही ठाऊक होतं. दत्ताजीराव स्वतः मकरपुऱ्याच्या एका कारखान्यात टाइमकीपर होते आणि आयुष्यात कधी घोड्यावर बसले नव्हते. आवाज तेवढा वारशाने आला होता.

"हसमुखभाई!"

"हाजर छुं!"

"शारदाबेन!"

"आवी, आवी! दूध ऊभराय छे!" शारदाबेनचं दूध नेमकं त्याच वेळी उतू जायचं.

"आणि शेवटी आमच्या दप्तरखान्याच्या मानकरी, निरुपमाबाई!"

बाईंचे सासरे संस्थानच्या दप्तरखान्यात मोठे अधिकारी होते. त्यावरून टोमणा मारल्याशिवाय दत्ताजीरावांना जेवण जात नसे.

"हजर! आणि दत्ताजीराव, आज आवाज बसलाय. घोडा दमला वाटतं?"

"घोडा ताजा आहे बाई, तुमचीच शाई वाळलेली दिसते. उत्तराला किती उशीर!"

"शाई होती म्हणून तुमच्या घोड्याला चंदी मिळाली. खर्च मंजूर आम्ही करत होतो!"

मग समोरच्या इमारतीतून हशा. हळूहळू लोक चहाचे कप घेऊनच गॅलरीत येऊ लागले. साथीत थिएटरं ओस पडली होती आणि इथे रोज फुकट खेळ होता. बाई तोंडाने नावं ठेवत, पण दुपारपासूनच आजचं उत्तर मनात घोळवत असत.

आणि एके सकाळी त्यांच्या अंगात कणकण भरली. दुपारी खोकला लागला, अंग तव्यासारखं तापलं.

आता शहाण्या माणसाने डॉक्टरला बोलावलं असतं. पण बाईंना तापापेक्षा पुण्याची भीती जास्त होती. त्यांचा मुलगा उत्कर्ष पुण्याला. रोज फोनवर एकच धोशा, "आई, साधी शिंक आली तरी सांग. मी गाडी घेऊन येतो. ते घर बंद करून टाकू, तू इथेच राहा." पुण्यातच साथीने कहर मांडला होता, पण हे त्याला सांगणार कोण? आणि घर एकदा बंद झालं की पुन्हा उघडत नाही, हे बाईंनी आसपासच्या चार घरांत पाहिलं होतं. मुलगा वाईट नव्हता. चार दिवस त्याच्याकडे जाऊन राहायला त्यांची हरकत नव्हती. पण इथे त्या कोणीतरी होत्या, तिथे त्या उत्कर्षची आई तेवढ्या होत्या.

म्हणून त्या दिवशी फोनवर तो जे म्हणाला त्याला त्या "हो रे, बरोबर आहे तुझं" म्हणत राहिल्या. वाद घातला असता, तर खोकल्याने बिंग फुटलं असतं.

संध्याकाळी त्यांनी शाल काढून टाकली, तोंडाला पावडर लावली, दाढेखाली लवंग धरली आणि गॅलरीचा कठडा घट्ट पकडून उभ्या राहिल्या.

"निरुपमाबाई! दप्तरखान्यातल्या कारकुंड्यांच्या सूनबाई!"

"हजर!"

आवाज खणखणीत लागला. बाई हसल्या, वळल्या आणि आत गेल्या. काय सोंग वठलं, म्हणून त्यांनी स्वतःची पाठ थोपटली. पलंगावर टेकतात न टेकतात तोच दारावरची बेल वाजली.

दारात मास्क लावलेली देवश्री. मागे जिन्याच्या वळणावर, नाकाला रुमाल बांधलेले, धापा टाकणारे दत्ताजीराव.

"काकू, ताप बघू."

"मला काय धाड भरलीय? म्हटलं ना हज..." पुढचं खोकल्याने गिळलं.

देवश्रीने छाती तपासली, तेव्हा तिचा चेहरा उतरला. "आणखी दोन दिवस दडवलं असतंत, काकू, तर प्रकरण माझ्या हातात राहिलं नसतं."

"पण तुला सांगितलं कोणी?"

उत्तर जिन्यातून आलं. "मी तुमच्या सासऱ्यांना कारकुंडे म्हटलं, बाई. आणि तुम्ही ऐकून घेतलंत!" दत्ताजीरावांचा आवाज चक्क कापत होता. "माझी तर पाचावर धारण बसली."

बाईंना राग आला, लाज वाटली, आणि इतकं हायसं वाटलं की त्या पदर तोंडाला लावून रडल्या.

देवश्रीने औषध सुरू केलं आणि पुण्याला फोनही केला. दाराबाहेरच्या स्टुलावर शारदाबेनची खिचडी येऊ लागली, हसमुखभाईंकडून गरम पाण्याचा थर्मास. कोणी आत येत नव्हतं, पण बेल वाजवून जिन्यातून "मासी, केम छो?" विचारल्याशिवाय जातही नव्हतं. ताप उतरला. संकट मात्र उतरलं नव्हतं.

"रविवारी येतोय," उत्कर्ष फोनवर म्हणाला. "सामान बांधून ठेव." मग जरा थांबून त्याने विचारलं, "पण एक सांग. त्या दुपारी तू माझ्याशी इतका वेळ बोललीस, मला काही कळलं नाही. त्यांना लांबून कसं कळलं?"

"मी भांडले नाही म्हणून."



"त्या दिवशी तू माझं सगळं ऐकलंस," तो म्हणाला. "मी ऑफिसात सांगत सुटलो होतो, की आमची आई आता किती समजूतदार झालीय."

बाईंनी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"रविवारी येतो," तो पुन्हा म्हणाला. "चार दिवस राहतो. मग पुण्याचं बघू."

"बघू काय बघू? मी येणार नाही. आणि येताना ते तुझं पुणेरी शहाणपण तिथेच ठेवून ये!"

"हां," उत्कर्ष म्हणाला, "आता बरी आहेस."